शून्य आणि रिकामा रकाना

आमच्या रुग्णालयात तिला सगळे पट्टी सिस्टर म्हणायचे, अगदी तोंडावर. खिशात कायम पारदर्शक पट्टी आणि बॉलपेन. बाई बुटकी, आवाज मात्र तिन्ही मजल्यांना पुरून उरेल असा. छातीच्या वॉर्डात बावीस वर्षं काढून ती मुलांच्या सांधेदुखीच्या विभागात आली. येताना क्षयाची धास्ती आणि डॉक्टरांना न घाबरण्याची खोड, दोन्ही बरोबर घेऊन आली.

मी त्याच विभागातला कारकून. तिच्याबद्दल सांगायचं तर स्वतःची लाज चव्हाट्यावर मांडावी लागते, पण इलाज नाही.

संधिवात लहान मुलांनाही होतो. सकाळी उठताना गुडघे, मनगटं आखडून बसतात. साध्या औषधांनी भागलं नाही की मोठं इंजेक्शन सुरू करतात. त्याने सांधे शांत होतात, पण शरीराचा पहारेकरीही पेंगायला लागतो. अंगात क्षयाचा जंतू गुपचूप पडून असेल, तर त्याला उठायला हीच संधी. म्हणून आधी हाताच्या कातडीत एक थेंब औषध टोचायचं आणि दोन-तीन दिवसांत पोराला परत बोलावून तिथे गाठ उठली का ते मोजायचं. लाली नाही, फक्त कडकपणा. त्यासाठी सिस्टर डोळे मिटायची. "डोळे लालीला भुलतात," म्हणायची. बोटाने चाचपायची, मग पेन कातडीवरून हळूहळू सरकवायची आणि ते अडेल तिथे थांबायची. पेन दोन्ही बाजूंनी जिथे अडलं, त्या दोन खुणांमधलं पट्टीने मोजलेलं अंतर म्हणजे उत्तर. याला ती हात वाचणं म्हणायची. "हात वाचला तर पोर वाचेल," हा तिचा ठरलेला विनोद, आणि आम्ही दर वेळी हसायचोही.

आता माझा पराक्रम. कित्येक मुलं हात दाखवायला परत यायचीच नाहीत. संगणकात मिलिमीटरचा रकाना रिकामा ठेवला की पुढचं पान उघडत नसे. बाहेर रांग, आत साहेबांची घाई. मग मी शून्य टाकायचो. काही नाही म्हणजे शून्य, असा माझा हिशोब.

एका मंगळवारी नऊ वर्षांच्या एका मुलीचं पहिलं इंजेक्शन होतं. सिस्टरने सिरिंज काढली, फॉर्म बघितला आणि हात थांबवला.

"ही पोरगी मी वाचलेली नाही."

मुलीची आई म्हणाली, "त्या दिवशी तिला जिना उतरता आला नाही हो. म्हणून आलो नाही."

विभागप्रमुख आले. "फॉर्मवर शून्य आहे ना? मग द्या."

"सर, शून्य म्हणजे मी हात लावला आणि काही लागलं नाही. इथे मी हातच लावलेला नाही."

"सिस्टर, निवृत्तीला अकरा महिने राहिलेत. उगाच कशाला?"

"अकरा महिने राहिलेत म्हणजे अजून मी कामावर आहे."

तिने इंजेक्शन परत फ्रिजमध्ये ठेवलं आणि फ्रिजसमोर स्टूल ओढून बसली. आईचा बांध फुटला. "तीन महिने वाट बघतेय मी! सकाळी पोर रडत उठते. तुमचं पोर असतं तर?"

"माझं असतं तर याहून जास्त भांडले असते," सिस्टर म्हणाली. मग तिने मुलीचा दुसरा हात पुढे घेतला आणि नवीन चाचणी टोचली.

तिसऱ्या दिवशी ती स्वतः त्यांच्या घरी निघाली आणि मलाही मानगुटीला धरून नेलं. चौथा मजला. खिडकीशी पलंग, पलंगावर मुलगी. हात स्वच्छ, लालीचा पत्ता नाही.

"काय दिसतंय?" सिस्टरने मला विचारलं.

"काहीच नाही. शून्य."

तिने डोळे मिटले. पेन सरकलं आणि अडलं. दुसऱ्या बाजूनेही अडलं. सात मिलिमीटर. असलं इंजेक्शन सुरू करायचं असलेल्या पोरांत पाच भरले तरी जंतू आहे असं धरायचं. "बोट ठेव," ती मला म्हणाली. कातडीखाली शर्टाचं बारीक बटण असावं तसं लागलं.

दुसऱ्या दिवशी छातीचा एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला. म्हणजे मुलीला क्षय झालेला नव्हता, तिच्यापासून कुणाला धोका नव्हता, जंतू नुसता झोपला होता. पण महिनाभर गोळ्या, मगच इंजेक्शन.

"अजून महिनाभर दुखणार तिला?" आईने विचारलं.

"दुखणार. मला हव्या तेवढ्या शिव्या घाला, पण गोळी एकही चुकवू नका." आई रागावलेलीच होती. तरी तिने गोळ्या नीट मोजून पर्समध्ये ठेवल्या.

विभागातल्या खोलीत परतल्यावर मी म्हणालो, "सिस्टर, चूक झाली."

"झाली नाही. केलीस."

मग तिने स्वतःची वही काढली. तिने वाचलेला प्रत्येक हात त्यात होता. माझी शून्यं आणि तिची वही समोरासमोर ठेवली, तर तेवीस शून्यं वहीत नव्हती. त्यातल्या चौघा मुलांना दुसऱ्या सिस्टरच्या हातून इंजेक्शन सुरू होऊन महिने झाले होते. प्रमुख म्हणाले, "नेहमीची तपासणी आहे असं सांगून बोलवून घ्या. बोभाटा नको."

"खोटं एकदा लिहून झालंय, सर. आता ते तोंडानेही बोलायचं नाही," ती म्हणाली. तिने फोन माझ्यापुढे सरकवला आणि शेजारी बसली.

पहिला नंबर त्या चौघांतल्या एकाच्या वडिलांचा. मी घसा खाकरला. "नमस्कार, तुमच्या मुलाच्या नोंदीत जरा चूक झालीय..."

तिने बोटाने फोन कट केला. "पुन्हा लाव."

मी पुन्हा लावला. "तुमच्या मुलाचा हात कुणीच तपासला नव्हता. तिथे शून्य लिहिलंय. ते मी लिहिलं. उद्याच त्याला घेऊन या."

त्यांनी विचारलं, "नाव काय तुमचं?"

मी सांगितलं. आडनावासकट.