वाळ्याच्या वासाची मेणबत्ती

अक्का कुठलीही वस्तू आधी नाकाशी न्यायच्या. मेथीची जुडी असो, पोस्टमनने दिलेलं पाकीट असो, नाहीतर माझा इंग्रजीतला बायोडेटा. डोळे मिटून लांब श्वास घ्यायच्या आणि निकाल द्यायच्या, "चालस." किंवा, "नही चालस."

माझा बायोडेटा चालला नाही. "ह्याले काहीच वास नही, व माय," म्हणाल्या.

तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल, जिच्याजवळ गप्प बसलं तरी तिला चालतं. मी मुळातच कमी बोलते. जळगावात आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर. माहेर धुळ्याकडचं. पावसाळ्यात यजमान गेले, तेव्हापासून जामनेरचे धाकटे दीर म्हणत होते, इथलं घर भाड्याने देऊ, वहिनींनी आमच्याकडे यावं. तिकडे शेतीचा मोठा व्याप, राबणारे हात कमी. अक्कांनी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. उन्हाळ्यात सुगंधी मेणबत्त्यांच्या ऑनलाइन क्लासला नाव नोंदवलं.

क्लास हिंदी-इंग्रजीत. म्हणून मी मोबाइल धरून शेजारी बसायचे. इंग्रजीचं मराठी करायचं आणि अक्का मध्येच बोलू लागल्या की आमचा आवाज बंद करायचा, एवढंच माझं काम.

क्लासच्या मॅडम म्हणाल्या, मेण ओता आणि रूम टेम्परेचरला राहू द्या. आम्ही राहू दिलं. जळगावचा एप्रिल. संध्याकाळीही साच्यात मेणाची खीरच. "मॅडमले सांग, आमनी रूम अशीच शे." फ्रीजमध्ये ठेवली तर मेणबत्ती मधोमध तडकली. शेवटी पहाटे कूलरसमोर पाटावर साचे मांडले, तेव्हा कुठे जमलं.

कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास खोलीभर होता. अक्कांनी डोळे मिटले. "हाऊच वास पाहिजे."

मॅडमच्या यादीत लव्हेंडर होतं, व्हॅनिला होतं. लव्हेंडर हुंगून अक्कांनी विचारलं, "हाऊ कोना घरना वास शे?" आणि बाजारातून वाळ्याचं अत्तर घेऊन आल्या. मॅडमना ते काही पटलं नाही. "कस्टमर को पसंद नहीं आएगा."

"मले पसंद शे," म्हणत अक्कांनी वात पेटवली.

एका रविवारी क्लास चालू असतानाच दीर आले. उंबऱ्यातच थबकले.

"वहिनी, भाऊला जाऊन वर्ष नाही झालं, अन् घरभर अत्तराचा घमघमाट? बाईमाणसाला शोभतं का हे? बांधा सामान."

माझा अंगठा आपोआप आवाज बंद करायला गेला. अक्कांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे. आयकू दे बठ्ठास्ले."

ते ऐकून पडद्यावरच्या चौकटींमधल्या सगळ्या बायका थांबल्या. एकीचा चमचा तसाच हवेत. अक्का शांतपणे मेण ढवळत म्हणाल्या, "तुमना भाऊ रोज सांजले कूलरना वाळा वल्ला करेत. हाऊ वास मना घरना शे. नवरा गया मना. मनं नाक मरेल नही."

"परक्या बायांसमोर बोलता मला?"

"तुम्हीच बोलनात बठ्ठास्समोर. मी जामनेरले येत नही. चहा पिसन जा."

ते चहा न घेता गेले. बाहेर गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला. मग एका चौकटीतून हसू फुटलं आणि प्रश्न आला, "अक्का, तुम्ही धुळ्याकडच्या का हो? मी धुळ्यातच राहते."

त्या दोघींचं तिथून जे जुळलं ते जुळलंच. आता महिन्यातले कितीतरी दिवस अक्का धुळ्याला असतात. तिच्याकडे स्वयंपाकघर मोठं आहे, प्रदर्शनांतून मेणबत्त्या विकायला टेबल मिळतं. वाळ्याची मेणबत्ती सगळ्यात कमी खपते. अक्का तीच सगळ्यात पुढे मांडतात.

दिवाळीआधी दीर पुन्हा आले. दाराला कुलूप. मी आमच्या ओट्यावर होते.

"कुठे गेल्या?"

"धुळ्याला."

"किल्ली ठेवली असेल तुमच्याकडे."

"नाही. त्यांच्याजवळच आहे."

"कधी येणार?"

एरवी मी खाली बघून आत गेले असते. "त्यांना वाटेल तेव्हा," मी म्हटलं.

त्यांनी कुलूप एकदा ओढून पाहिलं आणि ते गाडीत बसले. मागच्या सीटवर अक्कांच्या सामानासाठी आणलेल्या रिकाम्या गोण्या होत्या, नीट घडी घातलेल्या. तशाच जामनेरला परत गेल्या.