ड्रॅगन पिकवणारे व्याही

राक्षसाला कुणी तलवारीने मारतं, कुणी बाणाने. माझ्या व्याह्यांनी तो त्याच्याच पायजम्याने मारला. विरारपासून नायगावपर्यंत त्यांच्याइतका घातक मांत्रिक झालेला नाही, हे मी देवळात किंवा चर्चमध्ये, सांगाल तिथे हात वर करून सांगायला तयार आहे. दिसायला ते तसे अजिबात नाहीत. वटारला त्यांची केळीची वाडी आहे. गोखिवऱ्याला आमच्याकडे येताना एका हातात केळ्यांची फणी, दुसऱ्या हातात चपला, कारण जिन्यावर कुणी नुकतीच फरशी पुसली असेल तर तिच्यावर पाय कसा द्यायचा! असा हा माणूस रविवारी दुपारी जेवण झालं की आमच्या टेबलाशी बसून संध्याकाळपर्यंत डझनभर पिशाच्चांचा निकाल लावायचा आणि जाताना माझ्या पत्नीला विचारायचा, "विहीणबाई, आमटीत आज कोकम कमी होतं का हो?"

हा खेळ आमच्या घरात जावयाने आणला. त्याच्या ऑफिसातली पोरं खेळतात म्हणे. एकाने सूत्रधार व्हायचं, गोष्ट रचायची. बाकीच्यांनी त्या गोष्टीतली पात्रं व्हायचं आणि आपण काय करतो ते सांगायचं. जमलं की फसलं ते फासे ठरवतात, आणि कुणाला किती इजा झाली तेही. इजा झाली की जीवाचे पॉइंट कमी होतात, संपले की पात्र मेलं. मात्र नियमांत न बसणारं काही आलं तर सूत्रधार म्हणेल ते अखेरचं. माझी मुलगी तलवारबाज झाली, जावई चोर झाला आणि सूत्रधारही तोच झाला, पण दुसऱ्याच रविवारी त्याने हात टेकले. म्हणाला, "बाबा, स्वतःच्या वडलांना 'तुमचा मंत्र फसला' असं मी कसं सांगणार? तुम्हीच बसा." मी सातिवलीच्या कारखान्यात जन्मभर सुपरवायझर होतो, माणसांना नाही म्हणायची मला सवय आहे, असा त्याचा समज. मी पडलो मुलीचा बाप. व्याहीभेटीत ज्यांना वाकून नारळ दिला, त्यांना 'नाही' म्हणायचं असतं का? तेव्हा उभ्या पुठ्ठ्याच्या आडोशाला नकाशा लपवून मी बसलो, आणि व्याही म्हणतील त्याला 'हो' म्हणू लागलो.

मंत्र निवडतानाच त्यांनी सगळ्यांना चकित केलं. जावई सांगत होता, आगीचा गोळा घ्या, वीज घ्या. त्यांनी घेतले ते कुणीही घेत नाही असे तीन: पाणी काढायचा, फाटकं सांधायचा आणि झाडं वाढवायचा.

"पप्पा, लढाईत याचा काय उपयोग?" मुलगी म्हणाली.

"बाय, वाडीत याच्याशिवाय दुसरं लागतं काय? आग लावायला आगपेटी आहे की."

मग तो वीस फुटी राक्षस आला. मुलीची तलवार त्याच्या गुडघ्यापर्यंतच पोचत होती. व्याह्यांनी विचारलं, याने घातलंय काय? मी बेसावधपणे म्हणालो, फाटका पायजमा. झालं! त्यांनी सांधायचा मंत्र टाकला आणि पायजम्याचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले. राक्षसाने पाऊल उचललं आणि तो तोंडावर आपटला. आता इजा किती? नियम सांगतो, जितक्या उंचीवरून पडाल तितके जास्त फासे. मी म्हणालो, पण पाय तर जमिनीवरच होते, उंची शून्य. व्याह्यांनी शांतपणे चष्मा पुसला.

"व्याहीबुवा, मानूस पडला की टेंगूळ पायाला येतं का डोक्याला?"

"डोक्याला."

"डोकं कुठं होतं?"

"वीस फुटांवर."

"मग टाका फासे."

राक्षस मेला. व्याह्यांनी त्याचा पायजमा घडी करून बरोबर घेतला. वाडीत बुजगावण्याला होईल म्हणाले. दुसऱ्यांदा एका लोखंडी कड्यांच्या लाकडी दाराशी सगळे धडका देऊन थकले, तेव्हा त्यांनी दारावर झाडं वाढवायचा मंत्र टाकला. मी नियम दाखवला, झाड जिवंत लागतं, हे तर कापलेलं लाकूड. "आमच्या कुंपनाला पांगाऱ्याचे खांब ठोकलेत," ते म्हणाले. "कापलेलेच. दर पावसाळ्यात पालवी येते. तुम्ही या, बघा, मग ठरवा." मी ठरवलं नाही, 'हो' म्हणालो. दाराला फांद्या फुटल्या आणि ते चौकटीसकट उखडून आलं. त्यांचं एकच म्हणणं असायचं: नियमात लिहिलंय ते पाळायचं, लिहिलेलं नाही ते वाडीत बघून ठरवायचं.

आता ड्रॅगनचं. याबद्दल आमच्या घरात आजवर जे सांगितलं जातं ते खरं नाही, म्हणूनच मी लिहायला बसलो. हा ड्रॅगन मी पंधरवडाभर खपून बनवला होता. त्याच्यासाठी एक भाषण लिहिलं होतं, भारदस्त, 'हे क्षुद्र मानवांनो'पासून सुरू होणारं, आणि आंघोळ करताना म्हणून पाठ केलं होतं. ड्रॅगन गुहेत झोपलेला. व्याह्यांनी गुहेच्या तोंडाशी हिरवी झाडं वाढवली, इतकी दाट की फट राहिली नाही. वर पाणी मारलं. मग जावयाला म्हणाले, "मार त्याला खडा." ड्रॅगन उठला, चिडला, आग ओकला. ओल्या झाडांना आग लागेना, नुसता धूर.

"केळी अशीच पिकवतात," व्याही म्हणाले. "घड आत, धूर आत, दार बंद. आपन ड्रॅगन पिकवू."

मी म्हणालो, ड्रॅगनला आगीची इजा होत नाही.

"आगीची नाही. धुराचं कुठं लिहिलंय?"

कुठेच लिहिलेलं नव्हतं. माझा ड्रॅगन खोकून मरणार होता, आणि माझं भाषण मोरीतच राहणार होतं. इतकी वर्षं 'हो' म्हणत आलो होतो, या वेळी मला ते म्हणवेना. मी पुठ्ठ्याआडून म्हणालो, "गुहेच्या छताला भोक आहे. धूर तिथून निघून गेला."

ते थांबले. "भोक पयल्यापासून होतं?"

"होतं," मी म्हणालो. नकाशावर नव्हतं.

"मग बरोबर. मीच वर बघितलं नाही," असं म्हणून त्यांनी मान डोलावली. ड्रॅगन बाहेर आला. मी भाषण केलं, सगळं. मग त्याने मुलीच्या तलवारबाजावर आग ओकली, तेव्हा व्याह्यांचा मांत्रिक मध्ये उभा राहिला. जावई ओरडला, पप्पा, तुमचे पॉइंट बघा! ते म्हणाले, "सुनेला जळू देऊ काय?" आणि मांत्रिक मेला.

पुढच्या रविवारी ते एका साध्या पुजाऱ्याचं नवं पात्र घेऊन खेळायला आले, पण पहिली मजा नव्हती. प्रत्येक खोलीत शिरताना आधी विचारायचे, "वर भोक आहे का?" ही सवय खेळाबाहेरही आली. लग्नाच्या हॉलमध्ये, डॉक्टरकडे, आमच्या घरात पाऊल टाकताना ते आधी वर बघायचे. लोकांना सांगायचे, "माझ्या चुकीने मेला मांत्रिक. छत बघायचं राहिलं." आणि मी शेजारी बसून चहा ढवळायचो.

यंदा मुलगी-जावई नोकरीसाठी परदेशी गेले, टेबल रिकामं झालं. एका दुपारी मी रिक्षा करून वटारला गेलो. व्याही केळी पिकवायच्या खोलीच्या दाराच्या फटी ओल्या मातीने लिंपत होते. मी उभ्या उभ्याच बोललो.

"व्याहीबुवा, भोक नव्हतं. मी तेव्हाच पाडलं. भाषण करायचं होतं मला."

त्यांनी हात थांबवला. मला वाटलं, आता हा माणूस जन्मात माझ्या घरी येणार नाही. त्यांनी हातातला मातीचा गोळा खाली ठेवला.

"म्हंजे धूर आतच होता?"

"आतच."

"मग पिकला असेल की हो तो!" ते म्हणाले, आणि हसता हसता त्यांना खोकला लागला. मी खिशातले फासे काढले. ते मी बरोबर नेले होते. उपड्या टोपलीवर आम्ही धुराची इजा काढली. ड्रॅगन मेला. भाषणाचं एक अक्षरही न बोलता मेला.

मी म्हणालो, मग मांत्रिक जिवंत झाला पाहिजे. त्यांनी मान हलवली. "तो सुनेसाठी मेला, ते राहू दे. पन त्याचं चुकलं नव्हतं, एवढं पोरांना कळवा."

पोरांना फोनवर सांगितलंच, पण फोनवरचं हवेत जातं, म्हणून हे लिहून ठेवलं. परवा व्याही आले, एका हातात फणी, दुसऱ्यात चपला. वर न बघता सरळ आत आले आणि रिकाम्या टेबलाशी बसले. आम्ही दोघांनी एकेक केळं सोललं. छताकडे मीच एकदा बघून घेतलं.