गयाबाईंनी नाव दिले नाही

गयाबाई दवाखान्याच्या ओसरीत कुणालाही नावाने हाक मारीत नसत. बाकावर बसलेल्या बाईच्या कोपराला त्या हलकेच बोट लावीत, आणि ती बाई झोपेतून उठल्यासारखी त्यांच्यामागे चालू लागे. घनसावंगीची हिवाळी दुपार, उसाच्या तुऱ्यांवरून तरंगत येणारा पांढुरका उजेड आणि त्यातून पावले न वाजवता जाणाऱ्या त्या दोघी. आजही डोळे मिटले की मला हेच दिसते. गयाबाईंच्या लक्षात नावे राहत नसत, असे आता सांगितले जाते. साफ चूक. त्यांना प्रत्येकीची दोन्ही नावे पाठ होती, माहेरचे आणि सासरी बदललेले.

त्या स्वतः एचआयव्हीबाधित होत्या, ते लपवीत नसत, आणि तशाच बायकांना दवाखान्यात सोबत करण्याचे काम करीत. मी तिथला प्रयोगशाळा तंत्रज्ञ. दोन हजार सालानंतर अशा बायकांसाठी आमच्याकडे एक नवी तपासणी आली. गर्भाशयाच्या मुखाशी एक वेगळाच विषाणू ठाण मांडतो. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खालावलेल्या शरीरातून तो सहजी जात नाही, आणि वर्षानुवर्षे राहिला तर कर्करोगाकडे नेऊ शकतो. त्याचा डीएनए नमुन्यात सापडतो का, हे बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाहिले जाई. मी हे तासभर समजावीत असे. गयाबाई क्षणात आटोपत. “आजार न्हाई गं सापडला, आजाराचं बी सापडलंय. उगवायच्या आत उपटायचं, मंग काय भ्यायचं?”

एका बाईच्या नमुन्यात ते बी सापडले. आमचा माणूस तिच्या गावी दोनदा जाऊन आला. त्या नावाची बाईच तिथे नव्हती. चूक माझी होती, आणि ती सांगायला मला दुसऱ्या कुणाची गरज नाही. आजाराची गोष्ट सासरी कळू नये म्हणून आमच्या बायका दवाखान्यात माहेरचे नाव सांगत, आणि मी ते तसेच लिहून घेतले होते.

“सासरचं नाव सांगा,” मी गयाबाईंवर खेकसलो.

“न्हाई सांगणार.”

“मग मी नोंद कशाची करू?”

“भाऊसाहेब, तुम्ही लई हुशार. पण नळीवर नाव लिवलं म्हंजे बाई नळीत येऊन बसत न्हाई. तुमचा माणूस पुसत गेला तर घरचे इचारतील, कोणता दवाखाना, कशाचा? लेकरासंगट बाहेर काढतील तिला. नाव ऱ्हाऊ द्या. बाईच आणून देते.”

ती बाई ऊसतोडीला गेली होती. कोणत्या कारखान्याच्या फडात, ते मी लिहिणार नाही. गयाबाई तिथे मजुरीला लागल्या. दोन दिवस तिच्या शेजारी मोळ्या बांधल्या, तेव्हा कुठे बोलायला एकांत मिळाला. तिसऱ्या दिवशी धुरकट उन्हात दोघी जीपमधून उतरल्या. लुगड्यांना चिकटलेले पाचट जरीसारखे चमकत होते.

“घरच्यांना काय सांगून आणलंत?” मी विचारले.

“माहा गुडघा दुखून राह्यला, सोबतीला नेते म्हनलं. लंगडत आले बराबर, जीपपस्तोर!”

डॉक्टरीणबाईंनी तपासले. कर्करोगाच्या अलीकडची अवस्था होती. तेवढा भाग गोठवून नष्ट केला, आणि बाई वाचली. तोवर गयाबाई दाराबाहेर गुडघा चोळीत बसल्या होत्या, कुणी पाहिलेच तर असावे म्हणून.

काही वर्षांनी त्या क्षयाने गेल्या. दवाखान्याच्या आवारात, लिंबाखाली शोकसभा झाली. एका वक्त्याने रंगवून सांगितले की, गयाबाईंनी गावोगाव फिरून त्या बाईचे नाव शोधून दिले, म्हणून ती वाचली. मग तो म्हणाला, “ती भगिनी इथे असेल तर पुढे यावी. भाऊसाहेब, तुम्ही ओळखता ना?”

मी उठलो. खोट्याला तोंडावर खोटे म्हणायची माझी खोड साऱ्या तालुक्याला ठाऊक. लोक सरसावून बसले. ती मागच्या रांगेत, सासूच्या शेजारी होती. पानांतून गळणारे ऊन तिच्या चेहऱ्यावर हलत होते. ती मात्र हलत नव्हती.

“मला काही आठवत नाही,” मी म्हणालो आणि खाली बसलो.

“भाऊसाहेब थकले आता,” मागून कुणीतरी पुटपुटले. मी गुडघा चोळीत बसलो.