सुई आणि ग्रीस गन

वर्ध्याजवळच्या जाम गावच्या चौरस्त्यावर माझं गॅरेज आहे. तीस वर्षं ट्रकांखाली गेली. इंजिन उतरवताना बोट चेंगरलं तरी मी कधी हूं म्हटलं नाही, शिव्या मात्र पोटभर दिल्या. ड्रायव्हर लोक माझ्या तोंडाला भितात. आणि असा हा माणूस इंजेक्शनची सुई दिसली की भुईवर आडवा! खोटं नाही सांगत. एकदा रक्त तपासायला गेलो, तर नर्सबाईंनी दंडाला नुसता रबर बांधला आणि मी स्टुलावरून खाली. शुद्धीवर आलो तेव्हा बायको माझ्या नाकाला फोडलेला कांदा लावून बसली होती.

तोवर सगळं हसण्यावारी नेलं. पण शुगर गोळ्यांना आवरेना आणि डॉक्टर म्हणाले, आता इन्सुलिन. रोज, आपल्याच हातानं, पोटाला टोचायचं. माझा थोरला भाऊ याच शुगरनं एक पाय घालवून बसलाय. तोही 'उद्यापासून घेतो' म्हणत राहिला होता. मीही तेच सुरू केलं. इन्सुलिनचं पेन दोन महिने फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे पडून होतं.

एका सकाळी माझ्या पायाची बोटं तपासता तपासता बायको रडायला लागली. मला ते पाहवेना, म्हणून मी तिच्यावरच ओरडलो. माझी खोडच आहे ती. तिनं डोळे पुसले आणि सुनावलं, "उद्या तुमालेही तुमच्या भावासारखं उचलून न्या लागन का मले? वर्ध्याले एक मॅडम हायेत, संमोहनानं भेव काढतात. डॉक्टरच सांगून राह्यले. चाला."

"मी कायले येऊ? मले काय भूत लागलं?"

"भूत लागलं असतं तं बरं होतं. ते सुईले तरी भ्यालं नसतं."

बसमध्ये माझ्या मनात एकच धास्ती. संमोहनात माणूस पोटातलं सगळं ओकून टाकतो असं ऐकलं होतं, आणि माझ्या पोटात चौकातल्या हाटेलातली चोरून खाल्लेली जिलेबी होती. म्हणून मी मॅडमच्या खोलीत जाताना बायकोला बाहेरच बसवलं.

आत ना लोलक, ना अंधार, ना उदबत्ती. दोन खुर्च्या, पंखा, भिंतीवर घड्याळ. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. अर्धा तास नुसतं विचारत होत्या: गोळ्या कोणत्या, झोप कशी, फिट कधी आली होती का, भीती केव्हापासूनची. डॉक्टरांचा कागदही पाहिला. मग म्हणाल्या, "तुम्हाला काही विचारायचंय?"

"मी सगळं बोलून जाईन का?"

त्या हसल्या. "जे सांगायचं नाही ते तुम्ही सांगणार नाही. झोपही लागणार नाही, माझा आवाज ऐकू येत राहील. नको वाटलं तर डोळे उघडायचे आणि उठायचं. आणि एक, हे औषधाच्या जागी नाही. औषध घेता यावं म्हणून आहे. सगळ्यांना सारखं जमतं असंही नाही."

एवढं सरळ कोणी बोललं की माझा राग उतरतो. मी डोळे मिटले. श्वास घ्या, सोडा, खांदे सैल सोडा. इथवर ठीक चाललं होतं. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही समुद्रकिनारी उभे आहात. लाटा येतायत..."

मी खूप जोर लावला हो! पण डोळ्यांसमोर आला तो कॅलेंडरवरचा समुद्र, वरच्या खिळ्यासकट. शेवटी डोळे उघडले. "मॅडम, म्या समुद्र पाह्यलाच नाई."

आता या मला हाकलणार असं वाटलं. पण त्यांनी विचारलं, "मग तुम्हाला शांत कुठे वाटतं?"

"खड्ड्यात."

त्या दचकल्या. मग मी समजावलं. गॅरेजमध्ये जमिनीत खड्डा असतो, वर ट्रक उभा करून खालून काम करायला. मे महिन्यात वर डांबर वितळतं आणि खड्ड्यात गार असतं. डिझेलचा वास, फोन नाही, गिऱ्हाईक नाही. हातात वंगण दाबून भरायची ग्रीस गन आणि मी. त्यांनी सगळं लिहून घेतलं.

"चला, खड्ड्यात उतरू," त्या म्हणाल्या. पुन्हा डोळे मिटले, आणि बाप्पा, मी उतरलोच! बाहेर रस्त्यावर ऑटोचा भोंगा वाजत होता, तो ऐकू येत होता, पण हात असे जड आणि निवांत की हलवावेसे वाटेनात.

"काय करताय?"

"ग्रीस मारून राह्यलो."

"नाही मारलं तर?"

"पिना घासतात. मंग जाम होतात. मंग गाडी बसते."

"उद्यावर टाकलं तर चालतं?"

ट्रकखाली उभ्या उभ्या मला भावाची काठी दिसली. गालावरून पाणी वाहत होतं आणि मला लाज वाटत नव्हती. मॅडम हळू म्हणाल्या, "इन्सुलिनचं पेन म्हणजे तीच गन आहे. फक्त लहान."

एका फटक्यात काम झालं नाही. तीन खेपा झाल्या. आधी टोपण लावलेलं पेन हातात, मग टोपण काढून, आणि घरी रोज दहा मिनिटं डोळे मिटून खड्डा. पहिल्याच खेपेच्या परतीच्या बसमध्ये मी आपणहून जिलेबी कबूल केली. बायकोला ती कधीचीच ठाऊक होती. चौथ्या वेळी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी टोचायची रीत दाखवली, तेव्हा मी त्याच स्टुलावर शेवटपर्यंत बसून होतो. बसून! नर्सबाई माझ्याकडे पाहतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी मी पेन काढलं, आकडा लावला, पोटाची चिमूट धरली. बायको समोर उभी, हातात कांदा, डोळे गच्च मिटलेले. मी खड्ड्यात उतरलो, गन टेकवली, दाबली, दहा आकडे मोजले आणि सुई काढली. भुई जिथल्या तिथे होती. छाती अशी फुलली माझी की ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलोच, "झालं वो!"

तिनं डोळे उघडले. "काय झालं? म्या पाह्यलंच नाई! पुन्हा मारा बरं."

"पुन्हा नसते मारत, भैताडे. रोज हाये आता. उद्या पाहजो."

ती हसली आणि पदरानं डोळे पुसू लागली. "कांद्यानं पानी आलं," म्हणाली.

कांदा तर तिच्या मुठीत अजून अख्खाच होता.