रभाजी वीराचा बिबट्या

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पुंजाआबा कडलगांच्या गोष्टींवर तसाही कोणी ठेवत नाही. त्यांच्या बैलाने एकदा वाट चुकलेल्या तलाठ्याला चावडीपर्यंत आणून सोडलं होतं, त्यांच्या मळ्यातल्या भोपळ्यात एक कोंबडी पावसाळाभर बिऱ्हाड करून होती, असलं बरंच काही. पण थापांच्या या रानात एक गोष्ट खरी होती. गावही ती खरी मानायचं आणि, मुख्य म्हणजे, आबाही. ती घरच्या वीराची.

आबांचे आजोबा सखाहरीबाबा. त्यांचा धाकटा भाऊ रभाजी मिसरूड फुटायच्या आत, बिनलग्नाचा गेला. बिबट्याशी झुंजताना गेला, म्हणून घराचा वीर झाला. देवघरात त्याचा चांदीचा टाक आहे, एवढासा पत्रा, त्यावर घोडा, घोड्यावर तो, हातात तलवार. दर धुळवडीला हा टाक हलगी लावून नदीवर अंघोळीला न्यायचा आणि निघण्याआधी लिंबाखाली आबांनी ती झुंज सांगायची, असा रिवाज. गोष्ट सखाहरीबाबांनीच नातवंडांना दिलेली, तीही पुराव्यासकट. त्यांच्या उजव्या तळहातावर एक आडवा, गुळगुळीत वण होता. भावाला सोडवायला धावलो तेव्हा बिबट्याने ओढलेलं नख, असं ते सांगत. पुंजा आणि त्याची धाकटी बहीण गया त्यांच्या मांडीवर पडून, त्या वणावरून बोट फिरवत झोपी जात.

तर होळीची दुपार आहे. पोटात पुरणपोळ्या आहेत, किती ते विचारू नये. आबा ओट्यावर बसून चिंचेच्या कोळाने टाक घासत आहेत. उद्या वीर चकाकला पाहिजे. ऊन पायरीवरून वर सरकतं, पापण्या जड होतात, अंगठा आपला घासतोच आहे. टाकावरचा घोडा कान हलवतो. "उभा राहा जरा, पोटाखालचं राहिलंय," आबा म्हणतात. घोडा शहाण्यासारखा पाय उचलतो आणि मग जरा उशिराने आबांच्या लक्षात येतं, की चांदीचे घोडे पाय उचलत नाहीत.

घोड्याच्या आड, पायरीवर एक पोरगा बसला आहे. धोतराचा काचा मारलेला, अंगभर दगडाची पांढरी धूळ.

"तुझ्या दाढीत चिंच अडकलीय, पुंजा."

कोण, हे विचारावं लागत नाही. आबांची दाढी पांढरी आणि समोरच्याला अजून मिशी नाही; पण नातं ते नातं. आबा वाकून त्याच्या पायांना हात लावतात. पाय ओले आहेत, थंडगार.

"आजोबा, घोडा गोठ्यात बांधू का?"

"कुणाचा आहे?"

"तुमचाच की."

"माझ्या पायात वहाण नव्हती. घोडा सोनाराचा. तलवारही त्याचीच."

ओट्याच्या कोपऱ्यात बिबट्याही आहे. पाय पोटाखाली घेऊन, परक्याच्या लग्नात जेवायला बसल्यासारखा अवघडलेला. रभाजी त्याच्या डोक्यावरून हात फिरवतो आणि सांगतो, की हा बिचारा त्या साली या शिवारातच नव्हता. गोष्टीसाठी धरून आणला तो आणला, अजून घरी जाऊ देत नाहीत.

आबा मनापासून हसतात. थाप चांगली आहे. चांगल्या थापेला दाद द्यावी. मग त्यांचं हसू आटतं. थाप मारणारा ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत असतो आणि रभाजी ओट्याखाली बघतो आहे.

ओट्याखाली अंगण नाही. विहीर आहे, अर्धी खणलेली, कातळाला टेकलेली. रभाजी तिच्या तळाशी उभा आहे. कधी उतरला कोण जाणे, पण बोलतो ते कानाशी बोलल्यासारखं. दोघे भाऊ ही विहीर खणत होते, तो सांगतो. कातळ लागला तेव्हा सुरुंग लावायचं ठरलं. तळाशी राहून वात पेटवायचं काम धाकट्याचं, आणि पेटली की दोराने त्याला वर ओढून घ्यायचं काम थोरल्याचं. एवढंच. आणि दोराचं टोक आबांच्या हातात आहे. ते त्यांना कुणी दिलं, ते आठवत नाही.

"ओढ."

आबा ओढतात. खाली वात सुरसुरते. पोरगा कातळावर पाय देत अर्ध्यावर येतो, त्याचं तोंड दिसू लागतं. तो हसतो आहे. भावाने आजवर दर खेपेला वर घेतलेलं आहे, मग का हसू नये? पण आज वात आखूड पडली आहे. वरच्याला ते दिसतं. आणि आबांचे पाय मागे सरकू लागतात, त्यांना न विचारता. सोडायचं म्हटलं तरी बोटं एकदम उघडत नाहीत. दोर सरकतो, तळहात भाजतो, मग सुटतो.

स्फोटाचा आवाज येत नाही. आबा वाट बघतात, तो येतच नाही. आता ते लहान आहेत, सखाहरीबाबांच्या मांडीवर, गोधडीला तंबाखूचा वास. शेजारी रभाजी पडला आहे. दोघे मिळून त्या आडव्या वणाकडे बघतात.

"बिबट्याने खाल्लं असतं तर वाईट वाटलं नसतं," रभाजी म्हणतो. "त्याचं माझं काही नातं नव्हतं."

बाबांनी जन्मभर तुम्हाला पुजलं, आबा कसंबसं सांगतात. टाक घडवला, दर अमावास्येला दूध दाखवलं.

"दाखवलं ना. मेलेल्याचं तोंड बंद करायला पूजेसारखं औषध नाही."

आबा वर बघतात. मांडी आहे, पण मांडीवाल्याचं तोंड दिसत नाही. जन्मभर त्यांनी गावाला टोप्या घातल्या. आपल्या डोक्यावरही एक आहे, हे त्यांना कधी कळलं नाही. ती कुठे घातली गेली, तर या मांडीवर, थोपटता थोपटता. थापेला एक खरी खूण जोडावी म्हणजे ती उभी राहते, हे बाबांनीच शिकवलेलं. खूण कोणती, ते पोराच्या बोटाखालीच होतं.

"उद्या बिबट्या सांगू नको," रभाजी म्हणतो. "भावाने मला एकदा सोडलं. तू दर धुळवडीला सोडतोस."

"मग काय सांगू?"

"दोर सांग."

आबा डोळे उघडतात. टाक ओट्यावर पालथा पडला आहे, चिंच वाळून गेली आहे. घोडा पुन्हा चांदीचा. ते उठायला उजवा हात टेकतात आणि कळवळतात. तळहातावर आडवी, लालभडक रेघ उमटली आहे, फोड आलेली.

धुळवडीच्या सकाळी हलगी लिंबाखाली येऊन थांबते. माहेरी आलेली गयाबाई ताटातून टाक पुढे करते. आबा तो डाव्या हाताने घेतात.

"वीराला डावा हात, दादा?"

आबा ऐकलंच नाही असं दाखवतात. उजवी मूठ मिटलेली ठेवून गोष्ट सुरू करतात. यंदा गोष्टीत बिबट्या नाही. पोरंटोरं चुळबुळतात, म्हातारे कान टवकारतात. विहीर येते, कातळ येतो, वात पेटते, "ओढ" अशी हाक येते. पोरगा अर्ध्यावर येतो, हसणारा. इथे आबा थांबतात. समोर सगळे कडलग उभे आहेत, खांद्यांवर नातवंडं घेऊन. आणि नाकात कुठून तरी गोधडीतला तो तंबाखूचा वास शिरतो.

"बाबा ओढतच होते," आबा म्हणतात. "जिवाच्या आकांताने ओढत होते. आणि दोर तुटला."

माणसं हळहळतात. कुणी डोळे पुसतं. गोष्ट बिबट्याहून सरस झाली आहे, हे आबांनाही कळतं. हलगीवाला काडी उचलतो.

गयाबाई मात्र जागची हलत नाही. ताट खाली ठेवून ती आबांची उजवी मूठ हातात घेते आणि, लहानपणी त्यांनी लपवलेला गूळ काढून घ्यायची तसं, एकेक बोट उघडते. बराच वेळ बघते. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते,

"दादा, तुटलेल्या दोराने हात भाजत नाही. बाबांचा नाही, अन् तुझाही नाही."