टायरवरचे आकडे

आमच्या गाडीचे चारही टायर गुळगुळीत झाले होते. पावसात ब्रेक लावला की गाडी जरा पुढे जाऊनच थांबायची. बंगलोरचा मुलगा फोनवर म्हणायचा, टायरवर पैसे घालू नका, गाडीच विकून टाका. त्याला टायरची नाही, बापाच्या डोळ्यांची काळजी होती. ह्यांना काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी थेंब टाकून सांभाळायची, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. थेंब मी टाकायची. नजर किती उरली ते हे सांगायचे, आणि ह्यांच्या सांगण्यात ती कधी कमी झाली नाही.

"मले सगळं दिसते," हे म्हणायचे. "नवे टायर टाकतो, मग नागपूरले जाऊन येऊ."

गाडी मलाही हवी होती. माझी बहीण जुन्या शहरात, बूढापाऱ्यात राहते, आणि रिक्षात बसलं की माझी कंबर धरते. तेव्हा मी काही बोलले नाही.

आमचं शहर हिंदी मुलखातलं, त्यात आम्ही शंकर नगरात राहतो. टायरची चांगली दुकानं जवळच आहेत, पण ह्यांना ती चालत नाहीत. "तिथं एसीचं बिल आपल्याच टायरात लावतात," म्हणतात. ह्यांचं ठरलेलं दुकान रेल्वे लाइनीपलीकडे, गुढियारीत. रेल्वेत होते तेव्हापासूनचं. ऑफिसातल्या कोणाला टायर घ्यायचे असले तरी ह्यांनाच सोबत नेत, कारण ह्यांना फसवता येत नसे. टायर नुसता पडून राहिला तरी त्याचं रबर कडक होतं. म्हणून त्याच्या अंगावर चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पडून राहिलेला माल दुकानदार ताज्याच्या भावात खपवतो, आणि गिऱ्हाईक आकडे पाहत नाही. मी चौथीपर्यंत शिकले. हे आकडे मला ह्यांनीच एकदा गाडीपाशी उभं करून शिकवले होते.

त्या दुकानदारात आणि ह्यांच्यात एक खेळ होता. तो चार टायर मांडायचा आणि त्यात मुद्दाम एक जुना मिसळायचा. तोंडानं काही सांगायचं नाही. ह्यांनी तो पकडला की भाव उतरवायचा, हा त्यांचा ठराव. हे दरवेळी पकडायचे. "ये बुड्ढा किसके लिए निकाला? अपने ससुर के लिए?" असं म्हणून त्या टायरला लाथ मारायचे. दुकानदार हसायचा, चहा मागवायचा, बाकीचे तीन टायर आणि चौथा ताजा काढून द्यायचा. घरी येईपर्यंत हे खुशीत असायचे.

त्या दिवशीही गाडी ह्यांनीच चालवली. वाटेतल्या पुलाजवळ उजवीकडून सामान भरलेला टेम्पो आला. मी ओरडले.

"पाहिला मी त्याले, ओरडून काहून राहिली?" हे म्हणाले. तेव्हा टेम्पो निघून गेला होता.

दुकानात चार टायर ओळीनं उभे केले. हे गुडघ्यावर हात देऊन खाली बसले. एकेक टायर फिरवला, अंगठ्यानं धूळ पुसली, नाक रबराला लागेल इतके वाकले. आधी एवढा वेळ लागत नसे. मग उठले आणि हात झटकले.

"चारों ताजे हैं. आज तू हार गया."

दुकानदार हसायच्या तयारीत होता. त्याचं तोंड तसंच राहिलं. मी खुर्चीवरून उठून पाहिलं. तिसरा टायर तीन वर्षांचा होता. आकडे चांगले मोठे होते, आणि ह्यांनी धूळ पुसली होती ती नेमकी त्यांच्यावरूनच.

"बाबूजी, एक बार और देख लो," दुकानदार म्हणाला.

"क्या देखना है? भाव बता."

तो माझ्याकडे पाहू लागला. त्याला काय, भाव सांगितला असता तर जुना माल खपला असता. पण त्यानं सांगितला नाही. तेव्हा मला बोलावं लागलं.

"टायर घ्यायचे नाहीत."

"काहून?"

"तिसऱ्यावर काय लिहिलं आहे?"

"वाचला नं मी."

"मग सांगा."

हे पुन्हा वाकले. अंगठा आकड्यांवर ठेवला आणि ठाम आवाजात याच वर्षाचं नाव घेतलं. समोरून हातगाडी गेली, तिचा खडखडाट लांब गेला. मग ह्यांना कळलं. त्याच टायरवर हात टेकून बसून राहिले.

"अंधार आहे इथं," म्हणाले.

भर दुपार होती. दुकानदार उठला आणि ट्यूबलाइट लावली. चांगला माणूस. त्या उजेडात ह्यांनी परत टायरकडे पाहिलं नाही.

घरी गाडी दुकानदारानं आणली. हे मागच्या सीटवर माझ्याजवळ बसले. गाडी घेतल्यापासून ह्यांना मागे बसलेलं मी पाहिलं नव्हतं. कुठं वळायचं ते हे त्याला सांगत होते. "अब लेफ्ट. आगे गड्ढा है, धीरे." प्रत्येक वळण बरोबर होतं, खड्डाही होता. डोळे मात्र मिटलेले होते. तो "जी बाबूजी, जी बाबूजी" करत राहिला.

मुलाला रात्री फोनवर सांगितलं, टायर घेतले नाहीत. तो म्हणाला, "बरं झालं आई, पैसे वाचले." मी फोन ठेवून दिला.

पण ते नंतरचं. दारासमोर गाडी लावून दुकानदारानं किल्ली काढली. ह्यांनी सवयीनं हात पुढे केला. तो जरा थांबला, आणि किल्ली त्यानं माझ्या हातात दिली. ह्यांचा हात तसाच पुढे राहिला. मी किल्ली कमरेला खोचली आणि तो हात धरला.

"मले पायऱ्या दिसतात," हे म्हणाले.

"दिसत असतील," मी म्हटलं, आणि हात सोडला नाही.