नानांच्या रुमालाची गाठ

भडगावपासून जळगावपर्यंत नात्यातल्या कुठल्याही घरी काही चांगलं घडलं आणि बाबांचे मामेभाऊ तिथे वांगी घेऊन पोचले नाहीत, असं आजवर एकदाच झालं आहे. ते माझ्यामुळे.

आम्ही त्यांना नाना म्हणतो. गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत त्यांच्या लेखी भरीतच नव्हे. म्हणून हिरव्या वांग्यांच्या पोत्याबरोबर कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा भाराही ते एसटीत चढवतात. कंडक्टर कुरकुरला की म्हणतात, "जळगावले उतर, जेवी जाय." एक कंडक्टर खरंच जेवून गेला. बारसं असो की गृहप्रवेश, नाना अंगणात जाळ करतात, वांगी भाजून ठेचतात आणि फाटकाशी जाऊन रस्त्यावर हाक देतात, "कोनी उपाशी शे का?" मग पोस्टमन, भंगारवाला, शेजाऱ्यांकडे आलेले पाहुणे, सगळे आमच्याच पंगतीत. तारखांसाठी त्यांच्याकडे वही नाही. गळ्यातल्या रुमालाला गाठ मारतात, आणि गाठ मारलेली तारीख त्यांनी कधी चुकवलेली नाही.

माझ्या साखरपुड्याला पुण्याची माणसं येणार होती. ती भंगारवाल्याशेजारी जेवायला बसलेली मला दिसू लागली आणि लाज वाटली. नानांना कळवायचं काम आईने माझ्यावरच सोपवलं होतं. चांगलं आयुष्य कसं जगावं, याबद्दलची इंग्रजी पुस्तकं मी तेव्हा पिवळ्या पेनाने रेघा मारत वाचायचे. तसलंच एक मांडीवर ठेवून मी फोन केला आणि नानांना एक आठवडा पुढचा रविवार सांगितला. साखरपुड्यात आईने दोनदा विचारलं, "नाना कसे नाही आले?" मी म्हटलं, "काम असेल काहीतरी."

पुढच्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात नाना, पोतं, काड्या. त्यांनी चौकटीवरचं सुकलेलं झेंडूचं तोरण पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मागून बाबा आले. "काय नाना, साखरपुडा गेल्या रविवारी झाला की."

"मीच तारीख इसरी गऊ, भाऊ," नाना म्हणाले. "वय व्हई गयं."

त्यांनी इमारतीच्या मागे जाळ केला. वॉचमन, दूधवाला, वरच्या मजल्यावरच्या मावशी, सगळे जेवले. पहिलं ताट मात्र माझ्या हातात आलं. "खाय बेटा. तोंड उतरी गयं तुनं." ताटातली भरीत-भाकरी मी मान वर न करता खाल्ली.

लग्नाची पत्रिका द्यायला मी भडगावला एकटीच गेले. बसमध्ये वाटभर एक वाक्य जुळवत होते. नानांनी चष्मा लावून तारीख मोठ्याने वाचली, मलाही वाचायला लावली आणि रुमालाला गाठ मारली.

"नाना, त्या वेळी मी..." एवढंच मला बोलता आलं.

त्यांनी पहिलीच्या शेजारी दुसरी गाठ मारली. "आते नही इसरत," म्हणाले. "जेवनी का?"

मी घरून पोटभर जेवून निघाले होते. तरी म्हटलं, "नाही, नाना."